आधी पडद्याआडून ऐका

पत्र:

आम्ही दोघंही निवृत्त, चिपळूणला राहतो. जुलै २०२१च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं, त्यात आमचा जुना डेक आणि त्याचे दोन स्पीकरही. घर पुन्हा उभं करण्यातच वर्षं गेली. आता दिवाणखान्यात गाणं लावावंसं वाटतंय. मुलाने पुण्यात एका दुकानात नेलं. दोन जोड्या आवडल्या. एक साधी काळी, दुसरी अक्रोडाच्या लाकडाची, आमच्या सागवानी कपाटाशेजारी शोभेल अशी. ह्यांना लाकडीच हवी. मलाही दुकानात तिचाच आवाज जास्त मोकळा वाटला. पण परत येताना मुलगा म्हणाला, "आई, तू डोळ्यांनी ऐकलंस." तेव्हापासून ते मनात घोळतंय. लाकडामुळे आवाज खरंच गोड होतो का? आणि स्पीकर दिसायला चांगले हवेत असं वाटणं चूक आहे का? खोली बारा बाय चौदा फुटांची, खाली टाइल्स, एका बाजूला झोपाळा. आम्ही शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं ऐकतो. मुलाच्या मते तर उभे टॉवरच घ्यावेत.

– एक वाचक, चिपळूण

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. दिसण्याचा कानावर परिणाम होतो, हे खरं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली त्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस जणांना त्यांनी चार वेगवेगळे स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर. स्पीकर समोर दिसायला लागताच लोकांनी दिलेले गुण बदलले. मोठे, महागडे दिसणारे वर गेले आणि लहानसा स्वस्त संच खाली आला. आणि हे ऐकणारे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतच काम करणारे होते. तेव्हा तुम्हाला लाकडी जोडीचा आवाज मोकळा वाटला, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. माणसाचा कान असाच आहे.

पण त्या दुकानात आणखी एक गोष्ट घडली असण्याची शक्यता मला जास्त वाटते आणि तिचा लाकडाशी काही संबंध नाही. प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो, ८५ डेसिबल, ८८ डेसिबल असा. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण एकाच जागी ठेवलं, तरी ८८वाला स्पीकर ८५वाल्यापेक्षा तीन डेसिबल मोठा वाजतो. त्या ८५वाल्याला तेवढंच मोठं वाजवायचं तर दुप्पट वॅट द्यावे लागतात. गंमत अशी की एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठा आवाज' म्हणून जाणवतच नाही. तो 'मोकळा', 'स्पष्ट', 'जिवंत' असा जाणवतो. दुकानदाराने एका जोडीवरून दुसरीवर जाताना आवाज जुळवून घेतला नसेल, तर तुम्ही दोन स्पीकरांची तुलना केलीच नाही. तुम्ही मोठ्याची आणि लहानाची तुलना केलीत.

म्हणून पुन्हा एकदा जा. सोबत घरातली जुनी, मऊ झालेली सुती साडी न्या. तिच्यातून आवाज जवळजवळ अडत नाही, आणि जो काही अडेल तो दोन्ही जोड्यांना सारखाच. दोन्ही जोड्या साडीमागे ठेवायला सांगा. कोणती कधी वाजतेय ते फक्त मुलाला माहीत असू दे. आधी तानपुऱ्याचं नुसतं ध्वनिमुद्रण लावा, कारण तो एकसारखा वाजत राहतो. मोबाइलवर आवाज मोजणारं साधं अ‍ॅप घ्या, फोन तुमच्या खुर्चीवर ठेवा आणि दोन्ही जोड्यांचा आकडा सारखा येईपर्यंत बटण फिरवा. बटणाच्या त्या दोन खुणा मुलाने कागदावर लिहून ठेवाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे. दुकानदार कुरकुरला, तर सरळ दुसरं दुकान बघा. बुधवार पेठेत काय किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर काय, दुकानांना तोटा नाही.

गाणी दुकानातली नकोत. तिथे जे लावतात ते चमकण्यासाठीच निवडलेलं असतं. तुमची घेऊन जा, तुम्हाला पाठ असलेली.

सुरुवात त्याच तानपुऱ्याने करा. जवारी नीट लागलेली असेल तर तारेतून निघणारा तो झणकार आधी पसरतो आणि मग हळूहळू विरतो. चांगल्या स्पीकरवर चारही तारा वेगळ्या कळतात आणि तरी एकमेकींत मिसळलेल्या असतात. ज्याचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, तिखट आहे, त्यावर हाच झणकार पत्र्यासारखा कानाला लागतो. पहिल्या मिनिटाला तो 'किती स्पष्ट!' वाटतो, वीस मिनिटांनी कपाळ दुखतं. त्यामुळे प्रत्येक जोडीला निदान पंधरा मिनिटं द्या.

मग विलंबित एकतालातला एखादा ख्याल लावा आणि गायकाकडे लक्ष न देता फक्त डग्गा ऐका. मनगट दाबून डग्ग्याचा सूर वर सरकवतात ना, ती मींड प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीला जाते. ती तशी ऐकू येतेय, की प्रत्येक 'घे' एकाच सुरात 'भुम्म' होतोय? तबल्याला शाई असते म्हणूनच त्याला सूर असतो. त्या शाईच्या थरामुळे पुडीचे वरचे नाद मूळ सुराच्या पटीत येतात. आपल्या तालवाद्यांच्या या गुणावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली लिहून ठेवलंय. जो स्पीकर तबल्याचा सूर न दाखवता नुसता ठोका ऐकवतो, तो तुमच्या घरी आणू नका, मग तो शिसवीचा असला तरी.

तिसरं, जुनी भावगीतं. अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेल्या मुद्रणात वरच्या पट्टीत गाणं थोडं आणि खरखर जास्त असते. वरची बाजू उचलून देणारा स्पीकर गाण्याला काही देत नाही, खरखरच मोठी करतो. गायिकेच्या 'स' आणि 'श'कडे कान ठेवा. 'श' शिट्टीसारखा सुटला की समजा, पुढची दहा वर्षं तो तसाच सुटणार आहे.

इथे एक नाजूक गोष्ट. वय वाढतं तसं वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होत जातं, आणि ते नवरा-बायकोत सारखं कमी होत नाही. ह्यांना जी जोडी आवडली ती कदाचित लाकडासाठी आवडलीच नसेल, ती जरा उजळ वाजत असेल म्हणून शब्द स्पष्ट लागत असतील. पडद्याआडूनही त्यांनी तीच उचलली, तर त्यांचं म्हणणं गंभीरपणे घ्या. तुम्हाला दुसरी आवडली तर तिच्यावर अ‍ॅम्प्लिफायरचं ट्रेबलचं बटण थोडं वर करून त्यांना ऐकवा. पुष्कळदा तेवढ्याने दोघांचं जमतं. मात्र त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बेस-ट्रेबलची बटणं असलेला हवा, हल्ली काहींना ती नसतात.

आता लाकडाचा प्रश्न. लाकडाने आवाज गोड होतो ही समजूत आपल्याकडे वाद्यांवरून आली असावी, आणि वाद्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरा बनतो तेव्हा भोपळा निवडण्यापासून तबली तासण्यापर्यंत सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी असते, तार छेडली की सगळं अंग वाजलं पाहिजे. स्पीकरच्या पेटीचं काम बरोबर याच्या उलट आहे. तानपुऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आधीच आहे. पेटीने त्यात स्वतःचा सूर मिसळला, तर तो बिघाड. चांगल्या पेटीने गप्प बसावं लागतं. पेटीला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वापरतात ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. ते सगळीकडे एकसारखं असतं, त्याला रेषा नसतात, आतून आडवे पट्टे ठोकले की ते थरथरत नाही. बीबीसीने सत्तरच्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर केला, बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून निवेदकाचा आवाज तपासता यावा म्हणून. त्याची पेटी जेमतेम पाच लिटरची. तिच्यासाठी त्यांनी पातळ बर्च प्लाय घेऊन आतून डांबरी पत्रे चिकटवले, म्हणजे पेटीची थरथर खालच्या सुरात जाते आणि तिथेच विझते. मार्ग वेगळा, पण हेतू तोच, पेटी गप्प बसवण्याचा. माणसाच्या आवाजासाठी तो स्पीकर आजही लोक शोधत असतात.

तुम्हाला दिसलेलं अक्रोडाचं लाकूड बहुधा विनियर आहे, म्हणजे एमडीएफवर चिकटवलेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा लाकडाचा पापुद्रा. त्याने आवाजात ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही. काळ्या जोडीवर प्लास्टिकचा विनाइल कागद असेल, त्यानेही पडत नाही. फरक पडतो तो त्याखालच्या फळीच्या जाडीने आणि आतल्या आधाराने. पेटीच्या कुशीवर मधोमध बोटाच्या पेराने ठोका. 'टक' असा बोथट, लगेच मरणारा आवाज यावा. रिकाम्या खोक्यासारखा 'ठॉक' आला तर पेटी गाण्यातही बोलणार.

लाकूड खरं की छापील, हेही ओळखता येतं. जोडीतले दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून रेषा बघा. एकावर जिथे गाठ आहे, नेमकी तिथेच तशीच गाठ दुसऱ्यावर असेल तर तो छापलेला कागद. मग कोपऱ्यावर या. खऱ्या विनियरमध्ये कडेपाशी पापुद्र्याचा बारीक सांधा दिसतो, छापील कागद कोपऱ्यावरून तसाच वळून पुढे जातो. छापील असणं हा गुन्हा नाही, पण किंमत खऱ्या लाकडाची घेत असतील तर विचारा.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, दिसण्याकडे पाहणं चूक आहे का? अजिबात नाही. मी हे मनापासून सांगतो, कारण दिसायला न आवडलेल्या स्पीकरचं घरात काय होतं ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. आधी तो भिंतीला सरकतो, मग कपाटाच्या खणात जातो, मग त्याच्यावर फुलदाणी येते, आणि वर्षभरात तो इतका कोपऱ्यात जातो की त्यातून गाणं नीट ऐकूच येत नाही. जो डोळ्यांना बरा वाटतो तो योग्य जागी उभा राहतो. पण क्रम मात्र पाळा. फिनिश पुढे बदलता येतं, आवाज बदलता येत नाही. काळ्या पेटीवर उद्या चांगला सुतार सागाचं विनियर चढवून देईल. वॉरंटी संपल्यावर करा, पुढची फळी सोडून बाकीच्या बाजूंना करा. तिखट ट्वीटर मात्र कोणताही सुतार गोड करून देणार नाही.

माझं स्वतःचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी चेरी रंगाची, आरशासारखी चकचकीत उभी जोडी घेतली होती. दुकानाच्या खोलीत जाड गालिचा होता, भिंतींना कापड होतं आणि लावलेली सीडी त्यांचीच. घरी फरशीवर ठेवली तेव्हा पहिल्याच रात्री किशोरीताईंच्या आलापामागचा तानपुरा बारीक वायरसारखा टोचायला लागला. मी दोन वर्षं स्वतःची समजूत घालत होतो, कारण ती दिसायची फार सुंदर. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडेला पॉलिशखाली फुगवटा आला, एमडीएफने ओल ओढली होती. विकली तेव्हा निम्मेही पैसे आले नाहीत. पैशांपेक्षा त्या दोन वर्षांत गाणं ऐकण्याची सवय कमी झाली, ते मला जास्त लागलं.

चिपळूणची हवा बघता टिकाऊपणाकडे नीट लक्ष द्या. एमडीएफ पाण्याने आणि ओलीने सगळ्यात आधी उघड्या कडेला फुगतं, म्हणजे तळाला, मागच्या पोर्टच्या, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या भोकाच्या, कडेला आणि वायर जोडायच्या खाचेत. त्या जागा बोट फिरवून बघा, सील केलेल्या गुळगुळीत हव्यात, खरखरीत उघड्या नकोत. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या, कडेची लवचीक कडी फोमची आहे की रबराची ते विचारा. फोम दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन गळून पडतो, रबर कितीतरी जास्त टिकतं. विनाइलचे सांधे मागच्या बाजूला असतात, तिथे नख लावून बघा, आत्ताच सुटत असतील तर श्रावणापर्यंत उलगडतील. विनियरवर सकाळचं ऊन रोज पडू देऊ नका, एक बाजू फिकट होते. पुसायचं कोरड्या मऊ फडक्याने, ओल्या नाही. आणि गणपतीत आरास करताना स्पीकरवर समई किंवा निरांजन ठेवायचा मोह होतो, तो टाळा. तेलाचा डाग विनियरमध्ये मुरला की निघत नाही.

जागेबद्दल थोडं. तुमची खोली बारा बाय चौदा, म्हणजे साधारण ३.६५ बाय ४.२५ मीटर. अशा खोलीत ४० आणि ४७ हर्ट्झच्या आसपास, आणि पुन्हा त्यांच्या दुपटीला, ८० आणि ९५च्या जवळ हवा स्वतःहून घुमते. ही दुसरी जोडी नेमकी डग्ग्याच्या मुलखात येते. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीला टेकवला किंवा कपाटात कोंबला की तो घुमारा आणखी वाढतो, आणि लोक म्हणतात स्पीकर वाईट. भिंतीपासून निदान हातभर पुढे घ्या. तेवढी जागा नसेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा बंद पेटीचा बघा. खाली टाइल्स आहेत, तर स्पीकर आणि झोपाळा यांच्या मधे जाड सतरंजी किंवा गोधडी अंथरा. यापेक्षा कमी खर्चात आवाज सुधारण्याचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

आणि तो झोपाळा! त्याच्यावर बसून ऐकायचं म्हणजे डोकं सतत पुढे-मागे जाणार. काही स्पीकर अगदी समोर बसलं तरच चांगले वाजतात, जरा हललात की आवाज बदलतो. म्हणून दुकानात एकदा उभं राहून, एकदा बाजूला सरकून, एकदा चार पावलं चालत ऐका. गाणं तसंच राहिलं पाहिजे. तुमच्या घरासाठी हा गुण मी अक्रोडापेक्षा वरचा धरतो.

टॉवर मात्र घेऊ नका. तुमच्या खोलीला ते जास्त होतील, खालचा घुमारा आवरणार नाही. त्याऐवजी छोटी बुकशेल्फ जोडी आणि ती ठेवायला दोन स्टँड. आठ ओहमचे स्पीकर आणि चाळीस-पन्नास वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर एवढ्या खोलीला भरपूर झाला. स्टँड विकत घेण्याऐवजी तुमचं कपाट ज्याने केलं, तो सुतार असेल तर त्याच्याकडूनच सागाचे करून घ्या, खांब पोकळ ठेवून आत कोरडी वाळू भरा म्हणजे हलणार नाहीत. झोपाळ्यावर बसल्यावर तुमचा कान जमिनीपासून किती उंच येतो ते टेपने मोजा आणि ट्वीटर त्या उंचीला येईल असं माप सुताराला द्या. पडद्याआडून काळी जोडी जिंकली तर ह्यांना कपाटाशी जुळणारं लाकूड या स्टँडमधून मिळेल, समोरच्या जाळीचं कापडही बदलता येईल. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल. पडद्याआडून लाकडी जोडी जिंकली, किंवा दोन्ही सारख्याच वाटल्या, तर लाकडीच घ्या आणि मुलाला सांगा की आता कानाने ऐकलंय.

टॉवरला नाही म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. उभा टॉवर वीस-वीस किलोचा भरतो, बुकशेल्फ पेटी पाच-सहा किलोची. तारांना बनाना प्लग लावून घ्या, ते ओढले की क्षणात सुटतात, स्क्रू फिरवत बसावं लागत नाही. स्पीकर स्टँडला कायमचे चिकटवू नका, खाली चार रबरी बूच पुरेत. वाशिष्ठीचं पाणी चढतंय असं कळलं, तर एक पेटी तुम्ही उचलायची, एक ह्यांनी, आणि जिना चढायचा. अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या खेपेला.